विश्लेषण : उपकेंद्रावरच्या सिस्टरच्या वाटेची सुरुवात कुठून झाली? रमाबाई रानडे यांनी काय केले?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगरी भागात अनेक वाड्या-वस्त्यांसाठी सर्वांत जवळची आरोग्य यंत्रणा म्हणजे उपकेंद्रावरची सिस्टर. लसीकरणापासून बाळंतपणापर्यंतची कामे तिच्याकडे असतात. मात्र तिच्या स्वतःच्या नोकरीत पुढे जाण्याच्या जागा फार थोड्या. परिचारिका घडवायची तर तिला शिक्षण, राहण्याची सोय, मान आणि पुढची वाट द्यावी लागते, हे पुण्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते ते रमाबाई रानडे यांनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून आणि ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्या घराघरांत माहीत आहेत. परिचारिकांसाठी त्यांनी केलेले काम मात्र त्या मानाने कमी परिचित आहे. त्या कामाचा आणि आजच्या स्थितीचा हा आढावा...

जुन्नर-आंबेगावमधील प्रश्न नेमका काय?

या दोन्ही तालुक्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन सरळ भाग पडतात. पूर्वेला बागायती, ऊस, द्राक्षे आणि नारायणगाव, मंचरसारख्या मोठ्या बाजारपेठा. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा, मुसळधार पाऊस, भातखाचरे आणि महादेव कोळी, ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वस्त्या. आंबेगावात भीमाशंकर, तळेघर, आहुपे हा पट्टा, तर जुन्नरमध्ये आपटाळे, इंगळून, नाणेघाटाकडचा भाग. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावात आहे ते याच कारणाने. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेही आंबेगावच्या याच पश्चिम भागात.

अशा ठिकाणी रुग्णाला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचवायचे तर वेळ लागतो. तोवर पहिली तपासणी, पहिला सल्ला आणि पुढे पाठवायचे की नाही हा निर्णय बहुतेक वेळा आरोग्य सेविकेचा असतो. सरकारी निकषानुसार सपाट भागात ५ हजार, तर डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. लोकसंख्या कमी धरली तरी वाड्या लांब लांब असल्याने पायपीट कमी होत नाही. हे काम अनुभवाने अधिक चांगले होते. पण अनुभवी सेविकेला पुढे नेणारी वाट अरुंद असेल, तर ती एक तर त्याच पदावर राहते किंवा संधी मिळताच शहराकडे जाते. दोन्ही वेळा तोटा वाडीचा होतो.

रमाबाईंच्या आधी काय स्थिती होती?

आजाऱ्याची सेवा घरातल्या बायकांनी करायची आणि बाळंतपण सुईणीने, ही जुनी रीत होती. सुईणीच्या कौशल्यावर गाव अवलंबून असे, पण तिच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती. संकटकाळात समाजसेवेसाठी पुढे आलेल्या स्त्रियाही होत्या. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे मदतकार्यात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी तिथून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही सेवा मोठी होती, पण ती व्यक्तीच्या धैर्यावर उभी होती. तिच्यामागे प्रशिक्षण, पगार किंवा पद नव्हते.

रुग्णालयांची गोष्ट वेगळी. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ पासून सुरू होते. मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये उभे राहिले. मात्र शिकलेल्या परिचारिका बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. परक्याच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, पुरुष रुग्णांजवळ जाणे, रात्रपाळी करणे या साऱ्या गोष्टी सवर्ण हिंदू घरांत निषिद्ध मानल्या जात. सोवळे-ओवळे आणि चारित्र्यावरचा संशय अशा दोन भिंती या पेशाभोवती होत्या.

रमाबाईंची जडणघडण कशी झाली?

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला अक्षरओळखही नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रानड्यांनी विधवेशीच लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्यावर टीकाही झाली.

लग्नानंतर रानड्यांनी पत्नीला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, कामाचा भार असे सगळे या सुनेच्या वाट्याला आले. इंग्रज शिक्षिका शिकवायला येई, तेव्हा तिच्या स्पर्शाच्या विटाळावरून घरात वाद होत. दिवसभर घरचे सोवळे सांभाळायचे आणि रात्री पुस्तक उघडायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. शिकू पाहणाऱ्या बाईची पहिली अडचण बुद्धीची नसून घरातल्या वातावरणाची असते, हे त्यांनी स्वतः भोगले. पुढे सेवासदनाची रचना करताना हा अनुभव कामी आला.

रानड्यांच्या बदल्यांमुळे नाशिक, धुळे अशी गावे पाहायला मिळाली. नाशिकला त्या सार्वजनिक समारंभात बोलायला उभ्या राहू लागल्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जात. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी प्रयत्न चालू होते, तेव्हा गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचण्याचे धाडस त्यांनी केले. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा सुरू झाली. १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि कुटुंब मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी मंडळ चालवले. त्यात भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम असे वर्ग भरत.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. मुंबई सोडून त्या पुण्यात परतल्या आणि काही काळ जवळपास एकांतातच राहिल्या. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे पुस्तक मराठीतील महत्त्वाच्या आत्मकथनांपैकी मानले जाते. तोवर त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरूही झाला होता.

सेवासदन कसे उभे राहिले?

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची स्थापना केली. अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुणे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी संघटनेची बाजू सांभाळली. रमाबाई अखेरपर्यंत संस्थेच्या अध्यक्ष राहिल्या आणि सुरुवातीचे काम त्यांच्या स्वतःच्या वाड्यातच चालले.

संस्थेत येणाऱ्या स्त्रियांत विधवांचे प्रमाण मोठे होते. कोणी लहानपणीच विधवा झालेली, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी मूल पदरात घेऊन आलेली. शाळेत जाण्याचे वय उलटून गेलेल्या या बायकांना मुलींच्या शाळा घेत नव्हत्या. सेवासदनाने प्रौढ स्त्रियांना अक्षरओळखीपासून शिकवण्याचे वर्ग काढले. शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण, शिवण-विणकाम, संगीत अशा शाखा वाढत गेल्या. या शाखांपैकीच एक होती परिचारिका आणि प्रसूतिसेवेची.

परिचारिका प्रशिक्षण हे इतके धाडसाचे का ठरले?

शिक्षिका होणे ही गोष्ट समाजाने कुरकुरत का होईना, मान्य केली होती. परिचारिकेचे तसे नव्हते. चांगल्या घरातली विधवा रुग्णालयात नोकरी करते म्हटल्यावर नातेवाईक संबंध तोडत. त्यामुळे फक्त वर्ग काढून भागणार नव्हते. त्या वर्गात बसणारी बाई समाजात उजळ माथ्याने वावरू शकेल, याचीही तजवीज करावी लागणार होती.

इथे रमाबाईंच्या नावाचा उपयोग झाला. न्यायमूर्ती रानड्यांची विधवा, साध्या पोशाखात राहणारी, व्रतस्थ, सर्व पक्षांत आदर असलेली बाई स्वतः मुलींची हमी घेते, हे पाहून घरच्यांचा विरोध काही प्रमाणात मावळत असे. सेवासदनाच्या समारंभांत परिचारिका होणाऱ्या मुलींनाही मानाने लोकांसमोर आणले जाई. टीका झाली, ती त्यांनी सोसली.

यामागे जगातली एक मोठी चळवळही होती. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये परिचारिकांची शाळा सुरू केली आणि शिकलेली, शिस्तीची, पगारी परिचारिका ही कल्पना रुजवली. नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत. पण रानडे ज्या पुणे सार्वजनिक सभेशी निगडित होते, तिच्याशी त्यांचा खेड्यांतील स्वच्छतेबाबत पत्रव्यवहार होता. पुण्याच्या सुधारक वर्तुळात हा विषय अगदी नवा नव्हता. तो प्रत्यक्षात आणायला घरोघर जाऊन समजूत घालणारी माणसे हवी होती.

सेवासदनाने वाट कशी आखली?

सेवासदनाचे वैशिष्ट्य असे, की शिक्षण, निवास, प्रशिक्षण आणि नोकरी हे सुटे सुटे विषय न मानता त्यांची एक साखळी केली.

पहिली पायरी साक्षरतेची. औषधाची चिठ्ठी वाचता आली पाहिजे, तापाची नोंद करता आली पाहिजे. म्हणून निरक्षर बाईसाठी आधी प्राथमिक वर्ग.

दुसरी पायरी वसतिगृहाची. गावाहून आलेल्या किंवा घरच्यांनी दूर केलेल्या बाईला सुरक्षित जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर तिचे शिक्षण अर्ध्यावर सुटणार. वसतिगृह संस्थेचे असल्याने तिच्या चारित्र्यावर बोट ठेवणेही अवघड झाले.

तिसरी पायरी पैशाची. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी देणग्यांतून मदत उभी केली जाई.

चौथी पायरी प्रत्यक्ष रुग्णालयाची. संस्थेने स्वतःचे रुग्णालय होईपर्यंत वाट पाहिली नाही. ससून रुग्णालयाशी जोडून घेत विद्यार्थिनींना तिथल्या वॉर्डांत रीतसर प्रशिक्षणासाठी पाठवले. त्यामुळे मिळणारे शिक्षण रुग्णालयाच्या मापाचे होते.

पाचवी पायरी पुढे जाण्याची. सगळ्या बायका एकाच जागी थांबल्या नाहीत. कोणी प्रसूतिसेवेकडे वळल्या, कोणी परिचारिका झाल्या आणि काहींना त्या काळच्या सब-असिस्टंट सर्जनच्या अभ्यासक्रमाचीही वाट खुली करण्यात आली. काही वर्षांपूर्वी ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिला वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचणे निदान शक्य झाले.

रुग्णालयाबाहेर त्यांचे काम काय होते?

आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन रमाबाई जात आणि वारकरी स्त्रियांना मदत करत. घरातल्या सुनांनी रस्त्यावर उतरून अनोळखी माणसांची सेवा करावी, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. गुजरात-काठियावाडातील दुष्काळाच्या वेळी त्यांनी तिथे मदतकार्य केले. येरवडा कारागृहातील स्त्री कैद्यांना त्या नियमित भेटत. रुग्णालयातील रुग्णांकडे सणासुदीला फळे-फुले घेऊन जात.

मुलींना सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण मिळावे, यासाठी पुण्यात झालेल्या आंदोलनात त्या पुढे होत्या. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी नेतृत्व केले. परिचारिका प्रशिक्षणाचा या दोन्ही मागण्यांशी थेट संबंध होता. मुली शाळेत गेल्या नाहीत तर उद्याच्या परिचारिका येणार कुठून? आणि मत नसेल तर त्यांच्या पगाराचा, वसतिगृहाचा विषय सरकारदरबारी मांडणार कोण?

एप्रिल १९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. तोवर सेवासदनाची शाखा इतर गावांतही पोहोचली होती. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

या कामाच्या मर्यादा कोणत्या?

सेवासदनाचे दार सर्व जातिधर्मांसाठी उघडे होते. तरीही सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये पांढरपेशा घरांतील स्त्रियांचा भरणा अधिक होता. पुण्याच्या पेठांतील विधवेला जी वाट मिळाली, ती घाटमाथ्यावरच्या कोळी किंवा ठाकर वाडीतील मुलीपर्यंत त्या काळी पोहोचली नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या सुईणींकडचे ज्ञानही या नव्या व्यवस्थेत फारसे सामावले गेले नाही. शिवाय देणग्यांवर चालणारी संस्था कितीही चांगली असली, तरी प्रांतभर परिचारिका पुरवणे तिच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी सरकारनेच उतरावे लागणार होते.

त्यांच्यानंतर काय बदलले?

१९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिका, प्रसाविका आणि आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा कायदा झाला. शिकलेली परिचारिका आणि न शिकलेली मदतनीस यांत कायद्याने फरक आला. १९४६ मध्ये भोर समितीने खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली आणि परिचारिकांच्या तीव्र टंचाईवर बोट ठेवले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली आणि एएनएम, म्हणजे आजची आरोग्य सेविका, गावात दिसू लागली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर तिच्याकडे बहुउद्देशीय काम आले. लस, गर्भवतींची तपासणी, कुटुंबनियोजन, साथरोग, नोंदवह्या हे सारे एकाच व्यक्तीकडे जमा झाले.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. रक्तदाब, मधुमेह यांची तपासणी आणि ठरावीक औषधे देणे हे त्यांचे काम. बीएस्सी नर्सिंग, जीएनएम किंवा आयुर्वेद पदवीधरांना सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमानंतर हे पद मिळू शकते. परिचारिकेने गावपातळीवर रुग्ण तपासावा, ही कल्पना यामुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर अमलात आली.

मग आज अडते कुठे?

साधे गणित पाहिले तरी लक्षात येते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण सहा उपकेंद्रे धरली जातात. त्या सहांवरील आरोग्य सेविकांच्या कामावर देखरेख करणारी आरोग्य सहायिका एकच. म्हणजे पहिल्या पदोन्नतीसाठीच निदान सहा जणींमागे एक जागा. त्यापुढच्या जागा आणखी विरळ.

दुसरा पर्याय समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा. पण त्यासाठी एएनएमची पात्रता पुरत नाही. आधी तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम करावा लागतो. डोंगरी उपकेंद्रावर पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, घर-संसार असलेल्या सेविकेने नोकरीतून तीन वर्षे बाजूला व्हायचे, तर रजा, पगार आणि मुलांची सोय हे प्रश्न लगेच उभे राहतात. परिणामी नव्याने आलेला अधिकारी वर आणि परिसरातील प्रत्येक घर ओळखणारी सेविका खाली, असे चित्र तयार होऊ शकते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पदही कंत्राटी असल्याने तिथेही पुढची हमी नाही. प्रसूतिसेवेतील विशेष परिचारिकेसाठी केंद्राने २०१८ मध्ये अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची आखणी केली. तीही जीएनएम किंवा पदवीधर परिचारिकांसाठीच.

रमाबाईंच्या अनुभवातून आज काय घेता येईल?

सेवासदनाच्या पाच पायऱ्या आजच्या जुन्नर-आंबेगावला लावून पाहिल्या, तर चार गोष्टी समोर येतात.

एक, सुरुवात स्थानिक मुलीपासून. आश्रमशाळेत बारावी झालेली घाटमाथ्यावरची मुलगी नर्सिंगकडे वळली, तर तिला वाडीची भाषा, वाटा आणि माणसे शिकवावी लागत नाहीत. ती तिथे टिकण्याची शक्यताही जास्त.

दोन, निवास. डोंगरातील उपकेंद्रावर राहण्याजोगे, पाणी-वीज असलेले सुरक्षित घर हा चैनीचा भाग नाही. रमाबाईंनी वसतिगृहाला जे महत्त्व दिले, तेच महत्त्व या घराला आहे.

तीन, नोकरीत राहून शिक्षण. ससूनशी जोडून घेत सेवासदनाने जे साधले, ते मंचर, घोडेगावच्या रुग्णालयांशी जोडून साधता येण्यासारखे आहे. पगार चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने जीएनएमपर्यंत नेणारी सोय झाली, तर तीन वर्षे नोकरी सोडण्याची अट गळून पडेल.

चार, अनुभवाची मोजदाद. सर्पदंश झालेल्या शेतमजुराला वेळेत पुढे पाठवणे किंवा अडलेल्या बाळंतिणीची खूण आधीच ओळखणे हे कौशल्य आहे. पदोन्नतीच्या वेळी सेवेची वर्षे मोजली जातात. या कौशल्याला गुण देणारी परीक्षाही असू शकते.

यांतील कोणतीही गोष्ट एका पदनिर्मितीने होणारी नाही. प्रवेश, निवास, पगार, प्रशिक्षण आणि बढती यांची सांगड घालावी लागते, आणि पुण्यात १९०९ नंतरच्या पंधरा वर्षांत रमाबाईंनी मर्यादित साधनांत ती घालून दाखवली. त्यांच्या संस्थेची पोहोच पुण्याच्या वाड्यांभोवती जास्त राहिली. आता आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि मंजूर पदे तालुक्याच्या टोकापर्यंत आहेत. आहुपे किंवा इंगळूनच्या बाजूला आज रुजू होणारी सिस्टर दहा वर्षांनी कोणत्या पदावर असेल, याचे उत्तर तिला नेमणुकीच्या दिवशीच देता येणे, ही पुढची पायरी आहे.